पावसाचा अंदाज आणि डोंगरातली वाट

पावसाळ्यात डोंगरात जाणाऱ्याला दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात: आभाळातून किती पाणी पडणार, आणि ते पडल्यावर वाटेचे, कातळाचे, ओढ्याचे काय होणार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हवामान खाते देते. दुसऱ्याचे उत्तर खात्याच्या पत्रकात लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याला काढावे लागते. नवी मुंबईसाठी हा विषय उंबरठ्यावरचा आहे. खारघरच्या डोंगरावरून सुमारे १०७ मीटर कोसळणारा पांडवकडा, रबाळे-घणसोलीमागचा गवळीदेव, पनवेलपलीकडचा कर्नाळा, प्रबळगड आणि कलावंतीण, इर्शाळगड, त्यांच्या पाठीशी माथेरान. सकाळी घर सोडून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावरची ही ठिकाणे जून ते सप्टेंबर गर्दीने फुललेली असतात. येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी निघण्यापूर्वी मोबाईलवर ढगाचे आणि थेंबांचे चित्र पाहिलेले असते. त्या चित्रावरून ओढ्याची पातळी मात्र कळत नाही.

बर्फाच्या प्रदेशात हा फरक फार पूर्वी ओळखला गेला. स्वित्झर्लंडमध्ये दावोस येथील हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था स्कीइंग करणाऱ्यांसाठी आणि डोंगरी गावांसाठी रोज वेगळे पत्रक काढते. किती बर्फ पडेल एवढ्यावर ते थांबत नाही. आधीच्या बर्फाचे थर कसे बसले आहेत, वाऱ्याने बर्फ कोणत्या उतारावर साचवला आहे, कोणत्या उंचीच्या वर धोका आहे, हे त्यात असते, आणि धोक्याची श्रेणी एक ते पाच अशा आकड्यांत दिलेली असते. १९९३ पासून युरोपातल्या देशांनी ही पाच श्रेणींची पद्धत समान ठेवली आहे. हिमालयात असेच काम संरक्षण संशोधन विकास संस्थेची चंदीगड येथील प्रयोगशाळा करते. सह्याद्रीतल्या धबधब्यांसाठी आणि वाटांसाठी असे पत्रक निघत नाही. त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे हवामान खाते २०२० पासून देत असलेले आकस्मिक पुराचे मार्गदर्शन. त्यात जमीन किती भिजलेली आहे याचा हिशेब धरलेला असतो, पण तेही लहान लहान पाणलोटांच्या गटाबद्दल बोलते, एखाद्या ओढ्याबद्दल नाही. म्हणून स्कीइंगच्या गावात जे काम तज्ज्ञ करतात, ते इथे वाटसरूवर येऊन पडते. जमेची बाजू अशी की त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती फुकट आणि उघड्यावर उपलब्ध आहे.

मुंबई आणि कोकणासाठीचा अधिकृत अंदाज कुलाब्याच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतो आणि तो जिल्हावार असतो. इथे नवी मुंबईकरांची पहिली अडचण येते, कारण शहर दोन जिल्ह्यांत विभागले आहे. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे, पनवेल हे रायगड जिल्ह्यात. बेलापूरच्या माणसाने सवयीने ठाण्याचा इशारा पाहिला आणि तो प्रबळगडाकडे निघाला, तर त्याने चुकीचे पान वाचलेले असते. शिवाय ठाणे जिल्हा भिवंडी, शहापूर, मुरबाडपर्यंत आणि रायगड थेट पोलादपूर-महाडपर्यंत पसरलेला. महाडला कोसळणाऱ्या पावसासाठी दिलेला इशारा पनवेललाही त्याच रंगात दिसतो.

इशाऱ्याच्या शब्दांना ठरावीक मापे आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. पाऊस किती ठिकाणी होईल त्याचेही माप आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर, ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक केंद्रांवर. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार’ हे वाक्य वाचून अनेकांना दिलासा वाटतो. डोंगरात जाणाऱ्याने त्याचा अर्थ उलटा घ्यायला हवा, कारण कोकणात ती तुरळक ठिकाणे बहुधा घाटमाथ्यालगत आणि डोंगरांच्या कुशीतच असतात. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंगही केवळ मिलिमीटरवर ठरत नाहीत. पावसाची शक्यता आणि त्याचा लोकजीवनावर होणारा परिणाम यांचा मेळ घालून ते दिले जातात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. त्यामागे मुख्यतः रस्ते, रेल्वे, वस्ती आणि प्रशासन यांचा विचार असतो. पिवळ्या रंगाच्या दिवशी लोकल सुरळीत धावतात, आणि त्याच दिवशी डोंगरातला ओढा ओलांडण्याजोगा नसतो.

खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. रविवारी सकाळी मोजलेला आकडा म्हणजे शनिवारी दिवसभर आणि रात्री पडलेला पाऊस. या आकड्यातून पाऊस कसा पडला ते समजत नाही. सत्तर मिलिमीटर पाऊस चोवीस तास रिपरिपत पडला तर वाटा चिखलाच्या होतात, धबधबे भरून वाहतात, पण पाण्याची चढउतार सावकाश राहते. तेच सत्तर मिलिमीटर दुपारी दीड तासात कोसळले तर ओढ्याचे रूप पालटते. दोन्ही दिवशी नोंद एकच. आणि अंतराचे म्हणाल तर २६ जुलै २००५ चे उदाहरण पुरेसे आहे: त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७३.

डोंगराजवळ हा फरक नेहमीचाच असतो. अरबी समुद्रावरून येणारा दमट वारा कोकणपट्टी ओलांडून प्रबळ-माथेरानच्या रांगेला आणि पुढे मुख्य घाटाला धडकतो. समोर भिंत आली की त्याला वर चढावे लागते, वर गेल्यावर तो थंड होतो आणि त्यातले बाष्प पाऊस होऊन पडते. जून ते सप्टेंबर या काळात सांताक्रूझला सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस होतो. माथेरानला त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून डोंगराचा अंदाज बांधताना पावसाच्या आकड्याइतकेच वाऱ्याकडे पाहावे. ट्रेकर मंडळी वापरतात त्या ‘विंडी’सारख्या ॲपवर दीड किलोमीटर उंचीवरचा वारा पाहता येतो. तिथे पश्चिमेचा वारा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास सलग वाहताना दिसला, दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झालेला असला आणि बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेशाकडे सरकत असले, की घाटातला पाऊस वाढण्याची लक्षणे जमून आलेली असतात. या तिन्ही गोष्टींचा उल्लेख हवामान खात्याच्या रोजच्या पत्रकात असतो. बहुतेक वाचक तो परिच्छेद ओलांडून थेट रंगाकडे जातात.

शहर आणि डोंगर यांच्यातली तफावत मोजण्याची एक सोपी सोय नवी मुंबईत आहे. महापालिका बेलापूर, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, दिघा अशा विभागवार पावसाची नोंद ठेवते, आणि शहराला पाणी पुरवणाऱ्या मोरबे धरणाच्या क्षेत्रातला पाऊसही नोंदला जातो. हे धरण खालापूर तालुक्यात आहे आणि इर्शाळगडावरून त्याचा जलाशय समोर पसरलेला दिसतो. वाशीचा आणि मोरब्याचा आकडा आठवडाभर शेजारी शेजारी ठेवून पाहिले की शहरातल्या पावसावरून डोंगरातला पाऊस किती धरावा याचा अदमास बसतो. राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर महसूल मंडलनिहाय पाऊस मिळतो. त्यावरून पनवेल आणि खालापूर तालुक्यांतली मंडले ताडून पाहता येतात.

आता मिलिमीटरचे पाणी कसे होते ते पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक चौरस किलोमीटरवर दहा लाख लिटर. समजा, एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र अवघे दोन चौरस किलोमीटर आहे आणि तिथे तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस कोसळला. म्हणजे दहा कोटी लिटर पाणी पडले. जुलैअखेर जमीन तुडुंब भिजलेली असते, कातळ तर पाणी पितच नाही. तेव्हा त्यातले तीन चतुर्थांश पाणी तासाभरात ओढ्यात उतरले असे धरले, तरी सेकंदाला सुमारे वीस हजार लिटर झाले. पाच मीटर रुंदीच्या पात्रातून हे पाणी सेकंदाला तीन मीटर वेगाने निघाले तर त्याची खोली सव्वा मीटरच्या वर जाते, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्याही वर. एवढ्या वेगाच्या पाण्यात गुडघाभर खोलीतही पाय टिकत नाहीत. सकाळी याच ओढ्यात घोट्याएवढे पाणी असू शकते.

या हिशेबात सर्वांत फसवा भाग वेळेचा आहे. लहान, तीव्र उताराच्या पाणलोटात वर पडलेला पाऊस खाली पोचायला काही मिनिटे ते अर्धा-पाऊण तास पुरतो, आणि वर कोसळत असताना खाली ऊनही असू शकते. खारघरच्या डोंगरमाथ्यावर चाफेवाडी, फणसवाडी या आदिवासी पाड्यांच्या बाजूला झालेल्या पावसाचे पाणी पायथ्याच्या माणसाला दिसते तेव्हा ते त्याच्या अंगावर आलेले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये पांडवकडा परिसरात चार महाविद्यालयीन तरुणी पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण प्रवाहाच्या मधोमध अडकले आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. पाणी वाढू लागल्यावर हातात किती थोडा वेळ उरतो, हे त्या प्रसंगाच्या चित्रफितीने साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. पांडवकड्याला पावसाळ्यात वनखाते आणि पोलीस बंदी घालतात ती याच कारणाने. कोरड्या दिवशी ती जाचक वाटते, पण धबधब्याखालचे पात्र अरुंद आहे आणि मागे सरायला जागा नाही, हे ध्यानात घेतले की तिचे कारण पटते.

आजचा पाऊस समजला तरी काम निम्मेच झाले. मागच्या दहा-पंधरा दिवसांचा पाऊस बघितल्याशिवाय डोंगराची स्थिती कळत नाही. मुंबई परिसरात मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला पोचतो. पहिल्या आठवड्यातले पन्नास मिलिमीटर तापलेली, भेगाळलेली जमीन पिऊन टाकते. धबधबे जेमतेम सुरू होतात, वाटेवरची धूळ आणि पालापाचोळा मात्र निसरडा होतो. जुलैच्या मध्यापर्यंत हजारभर मिलिमीटर पाऊस होऊन गेलेला असतो. मातीत आणखी पाणी मावत नाही, कातळावर शेवाळ धरलेले असते, आणि तेच पन्नास मिलिमीटर थेट ओढ्यात जातात. कलावंतिणीच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या अशा वेळी स्वतःच पाण्याची वाट होतात. ऑगस्टमध्ये पावसाने आठवडाभर ओढ दिली की कातळ सुकतो, शेवाळ करपते, आणि आतून झिरपणाऱ्या पाण्यावर धबधबे मात्र चालू राहतात. डोंगर पाहायला हा काळ सर्वांत चांगला. पण दडीनंतरचा पहिला पाऊस पुन्हा सगळे पालटतो, कारण सुकलेले शेवाळ ओले झाल्यावर आधीपेक्षाही घसरते.

उतारांच्या बाबतीत मागचा पाऊस आणखी महत्त्वाचा ठरतो. बेसॉल्टच्या कड्याखाली शतकानुशतके साचलेली माती आणि सुटे दगड पाणी शोषत जातात, त्यांचे वजन वाढते, कणांमधली पकड सैल होते आणि खालच्या पक्क्या कातळावरून सारा थर घसरतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी अशीच गाडली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता घोषित झाली. त्याआधीचे तीन दिवस त्या भागात मुसळधार पाऊस चालू होता. ट्रेकसाठी जाणाऱ्या कितीतरी जणांनी त्या वाडीत चहा-पाणी घेतलेले होते, तिथल्या माणसांनी त्यांना वाट दाखवलेली होती. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर कोसळलेल्या दरडीत दीडशेच्या वर माणसे गेली. तिथेही मागे सततचा पाऊस होता. म्हणून लागोपाठ तीन दिवस दररोज शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला असेल तर चौथ्या दिवशी आभाळ निवळले तरी कड्याखालच्या वाटा टाळाव्यात. माती निथळायला पाऊस थांबल्यावरही वेळ लागतो.

मोबाईलमधल्या आकड्यांवर किती विसंबावे? ती माहिती बहुतेक वेळा जगातल्या मोठ्या संगणकीय प्रारूपांतून येते. युरोपीय केंद्राचे प्रारूप पृथ्वीची सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकटींत विभागणी करते. भारताने मे २०२५ मध्ये कार्यान्वित केलेल्या, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमची चौकट सहा किलोमीटरची आहे. ही मोठीच प्रगती आहे. तरी खारघरचे रेल्वे स्थानक आणि डोंगरमाथा सहा किलोमीटरच्या एकाच चौकटीत बसू शकतात, आणि प्रारूपाला दोन्हींसाठी एकच आकडा द्यावा लागतो. त्यामुळे ‘दुपारी तीन वाजता ४.२ मिलिमीटर’ अशा नेमकेपणाला भुलू नये. कल पाहावा. पुढच्या चार-पाच दिवसांत जोर वाढतो आहे की ओसरतो आहे, हे प्रारूपे बरेच नीट सांगतात. दोन-तीन वेगवेगळी प्रारूपे एकच गोष्ट सांगत असतील तर भरवसा वाढतो. ती एकमेकांपासून दूर असतील तर ठरवलेला बेत सैल ठेवावा. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देते, पण त्यावरून सहलीचा वार ठरवणे शक्य नाही. त्याचा उपयोग पाऊस जोरात राहील की दडी मारेल एवढे समजण्यापुरता.

निघण्याच्या सकाळी मात्र रडारचे चित्र सगळ्या अंदाजांहून मोलाचे. मुंबईत कुलाबा आणि वेरावली येथे डॉपलर रडार आहेत, वेरावलीचे जानेवारी २०२२ पासून. त्यांची चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर थोड्या थोड्या वेळाने ताजी होतात. एकच चित्र पाहून फारसे हाती लागत नाही. मागची अर्ध्या-पाऊण तासाची चार-पाच चित्रे ओळीने पाहावीत. निळा-हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा-नारिंगी म्हणजे जोराचा, लाल म्हणजे कोसळणारा. समजा, किनाऱ्यापासून समुद्रात चाळीस किलोमीटरवर पिवळ्या-लाल रंगाचा पट्टा आहे आणि अर्ध्या तासात तो वीस किलोमीटर पूर्वेला सरकला. म्हणजे त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटर. किनारा गाठायला त्याला आणखी अर्धा तास, खारघरच्या डोंगरापर्यंत पोचायला त्यापुढे पाऊण तास. तोवर माणूस धबधब्याखाली नसावा. समुद्रावर असे पट्टे एकामागून एक उभे असतील तर दिवस मोकळा मिळण्याची आशा नाही. समुद्र मोकळा असून फक्त घाटावर रंग साचलेले दिसले, तर किनाऱ्याला उघडीप आणि डोंगरात संततधार असा दिवस असतो. शहरातून निघताना ऊन पाहून फसण्याचा दिवस तो हाच. पुढच्या तीन तासांसाठीचे तातडीचे इशारे खाते वेगळे देते. ‘मौसम’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ही ॲप त्यासाठी मोबाईलमध्ये असावीत. डोंगरात गेल्यावर रेंज राहीलच असे नाही, म्हणून हे पाहणे पायथ्याशीच उरकावे.

त्यापुढे डोळे आणि कान. ओढा ओलांडताना काठावरच्या एखाद्या दगडाची खूण धरावी आणि परतताना पाणी त्याच्या कुठवर आले ते पाहावे. नितळ पाणी गढूळ होणे, त्यातून पाने-काटक्या वाहत येणे, पाण्याचा आवाज जड होणे, ही पाणी वाढत असल्याची चिन्हे आहेत, आणि ती दिसल्यावर चर्चेला वेळ नसतो. परतीच्या वाटेवर ओढा असेल तर पलीकडे जाण्यापूर्वीच विचार करायचा. ओढा फुगला तर पलीकडेच थांबून पाणी उतरण्याची वाट पाहायची. लहान पाणलोटात पाणी जसे झपाट्याने चढते तसे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत बरेच उतरतेही. प्रबळमाचीसारख्या ठिकाणी वस्तीतल्या लोकांना विचारणे सर्वांत शहाणपणाचे. कोणता ओहोळ कधी वाट अडवतो, हे त्यांना कोणत्याही प्रारूपापेक्षा चांगले ठाऊक असते.

मोसमाच्या दोन्ही टोकांना धोक्याचे स्वरूप बदलते. जुलै-ऑगस्टच्या भर पावसात कोकणात विजा तुलनेने कमी असतात. जूनच्या आरंभी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र सकाळ स्वच्छ उगवते, दुपारपर्यंत हवा तापते आणि तीन-चारच्या सुमारास घाटाकडून गडगडाट सुरू होतो. त्या दिवसांत गडमाथा दुपारपूर्वी सोडावा. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्या जागेपासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजांची सूचना देते. कर्नाळ्याच्या सुळक्याखाली किंवा इर्शाळच्या उघड्या धारेवर असताना चाळीस किलोमीटरची सूचना आली तरी उतरायला सुरुवात करणे योग्य.

शेवटचा हिशेब परतीचा, आणि तो भरतीचा आहे. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसला आहे. सिडकोने त्यासाठी धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची झडपदारे बंद होतात आणि शहरातले पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की ते खाडीत जाते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की सखल भागांत पाणी तुंबते आणि लोकलच्या वेळा कोलमडतात. भरतीच्या वेळा वर्षभर आधी ठरलेल्या असतात आणि त्या रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकतात. पावसाचा अंदाज पाहताना त्या शेजारी मांडून परतीची वेळ ओहोटीच्या बाजूला ठेवावी.